सुटलो कितवे, पोचलो कितवे?

आपल्या जिल्ह्याचा कुठल्या यादीत नंबर आला की व्हॉट्सॲपवर धडाधड अभिनंदन सुरू होतं. मला तेव्हा १९ जून २००५ हा दिवस आठवतो.

अमेरिकेत इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत होती. पात्रता फेरीत नारायण कार्तिकेयन १९वा होता, शर्यतीत थेट चौथा आला! फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय. पण झालं असं, की मिशेलिनचे टायर तिथल्या तिरप्या वळणावर टिकतील याची खात्री नव्हती. २० पैकी १४ गाड्या सुरुवातीलाच बाहेर पडल्या, धावल्या फक्त ६. नारायणने गाडी शेवटपर्यंत नेली, तो मान त्याचाच. पण नुसतं 'चौथा' वाचून खरं काय ते कळत नाही.

याउलट ६ डिसेंबर २०२०. बहारीनला मुंबईचा जेहान दारूवाला फॉर्म्युला टूची, म्हणजे एक पायरी खालची शर्यत जिंकला. दुसऱ्या जागेवरून सुटला, समोर सगळे गडी होते.

आता आपलं बघा. १ जुलै १९९८ ला वाशीम अकोल्यातून वेगळं झालं. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आलं, म्हणजे मागच्या रांगेत. तिथली मासिक क्रमवारी मुख्यतः किती पुढे सरकलो ते मोजते. मागून सुटणाऱ्याला सरकायला जागाही जास्त असते.

म्हणून मंडळी, नंबर आला की टाळ्या जरूर वाजवा. पण सोबत विचारा: सुटलो कुठून, आणि अजून बाकी किती?