ताओंचा पुजारी आणि बुद्धाची लेणी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप दरवर्षी एकच असतो, ‘गणपतीविषयी काहीतरी द्या’. आणि दरवर्षी मी बुद्धिदात्याच्या नावाने दोन पाने भरून देतो. यंदा मात्र गणपती जरा लांबून आणला आहे. तो आहे चीनमध्ये, गोबीच्या वाळवंटाच्या काठावर, दुनहुआंग नावाच्या गावाजवळ.

तिथे मोगाव म्हणून लेण्यांचा समूह आहे. आपल्या अजिंठ्याचा भाऊच म्हणा ना, फक्त आकाराने बराच मोठा. रंगवलेली ४९२ लेणी आज तिथे जतन केलेली आहेत. त्यातल्या २८५ क्रमांकाच्या लेण्यात इ. स. ५३८ आणि ५३९ सालचे लेख आहेत, म्हणजे अजिंठ्याच्या हरिषेण वाकाटकाच्या काळातल्या लेण्यांनंतर साधारण साठ वर्षांनी ते रंगले. त्याच्या पश्चिम भिंतीवर मध्यभागी बुद्ध आहे, बाजूला महेश्वर आहे, आणि महेश्वराच्या खाली कार्तिकेय आणि गजमुख गणेश. छताकडे मान वर केली की मात्र वेगळीच मंडळी दिसतात. फूशी आणि न्यूवा हे चिनी पुराणांतले आदिदेव, मेघगर्जनेचा देव, पंख फुटलेले अमर सिद्ध. यातले सिद्ध म्हणजे ताओ पंथीयांच्या कल्पनेतले, साधनेने मृत्यू टाळलेले पुरुष. बुद्ध, गणपती आणि ताओंचे सिद्ध एका खोलीत, आणि कुणाचीही तक्रार नाही.

हा फोटो एका पुस्तकात पाहिला तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्याच भरात मी कार्यालयातल्या एका सहकाऱ्यांना म्हणालो, ‘‘बघा, सगळे एकच आहे. बुद्ध तरी काय, आपल्या विष्णूचा नववा अवतारच ना!’’ सहकारी विदर्भातले, घर बौद्ध. आपल्या उत्सवाला ते दरवर्षी सहकुटुंब येतात, जेवणाच्या पंगतीत वाढायलाही उभे राहतात. ते शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही प्रेमाने म्हणता ते कळतं मला. पण मग आम्ही बाबासाहेबांबरोबर सोडलं ते काय, आणि धरलं ते काय?’’

मला उत्तर सुचले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही, ही एक प्रतिज्ञा आहे, हे मला माहीत होते. राणी झाशी मार्गावरच्या आंबेडकर भवनावरून तर आपण करोल बागवाले रोज जातो-येतो. माहीत असूनही तोंडातून निघून गेले. त्यानंतर हा विषय मी जरा नीट वाचायला घेतला, आणि लक्षात आले की हेच भांडण चीनमध्ये हजार वर्षे चालले होते. तिथे विष्णूच्या जागी लाओत्से होता.

दोन्ही परंपरांची ओळख थोडक्यात करून देतो. ताओ म्हणजे वाट. लाओत्सेच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या छोट्या ग्रंथाचा गाभा असा, की विश्वाची एक आपोआप चाललेली गती आहे, माणसाने ओढाताण न करता तिच्याशी जुळवून घ्यावे. पुढे इ. स. १४२ पासून, चांग ताओलिंग याच्या काळापासून, त्याचा पुजारी, मंत्र-तंत्र, औषधी आणि दीर्घायुष्याची साधना असलेला धर्म झाला. बौद्ध धम्माची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते. दुःख आहे, त्याला कारण आहे, आणि ते संपवण्याचा मार्ग आहे. ताओंच्या साधकाला हा देह टिकवायचा असतो. भिक्खूला ज्याला आपण ‘मी’ म्हणतो तोच कायम टिकणारा नाही हे ओळखायचे असते. एवढा फरक असताना चिन्यांना ही दोन्ही सख्खी भावंडे का वाटली?

त्याचे कारण भाषांतर. मध्य आशियातून भिक्खू लोयांगला आले (त्यातला अन् शिकाव हा पार्थियाचा भिक्खू इ. स. १४८ मध्ये पोचला) तेव्हा निर्वाण, बोधी असल्या शब्दांना चिनी भाषेत शब्दच नव्हते. मग ताओंचे घेतले. बोधीला ‘ताओ’, निर्वाणाला ‘वू वेइ’, म्हणजे अकृती. इ. स. १६६ मध्ये दरबारातल्या एका अर्जात असा उल्लेख आहे की राजवाड्यात लाओत्से आणि बुद्ध यांची पूजा एकत्रच होत असे. भाडेकरूने घरमालकाची भांडी वापरावीत तसा हा प्रकार. सोय झाली, पण स्वयंपाकाला मालकाचा वास लागला. चौथ्या शतकातल्या ताओआन या भिक्खूने हे ओळखले आणि असे जुळवाजुळवीचे अर्थ नकोत असे बजावले. इ. स. ४०१ मध्ये कुमारजीव छांगआनला आला तेव्हा कुठे भाषांतरे मार्गी लागली.

दरम्यान, इ. स. ३०० च्या सुमारास एक ग्रंथ निघाला. त्यात असे की म्हातारपणी लाओत्से पश्चिमेला निघून गेला, हिंदुस्थानात पोचला आणि तिथल्या रानटी लोकांना सुधारण्यासाठी त्यानेच बुद्धाचे रूप घेतले. आपल्या दशावताराच्या छापील चित्रांत नवव्या जागी बुद्ध बसवतात (आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या चित्रांत त्या जागी विठ्ठल असतो), त्याचाच हा चिनी अवतार! वरवर पाहता गौरव, आणि आतून बुद्धाचे स्वतंत्र अस्तित्वच पुसलेले. भिक्खूंनी हे कधीच मान्य केले नाही. ग्रंथावर इ. स. ६६८ मध्ये बंदी आली, ७०५ मध्ये पुन्हा आली. १२५८ मध्ये कुबलाई खानासमोर वादसभा झाली, ताओ हरले आणि त्यांच्यातल्या सतरा जणांना मुंडण करून भिक्खू व्हावे लागले. १२८१ मध्ये ‘ताओ ते चिंग’ वगळून त्यांचे ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. उलट बाजूचा हिशेबही आहे. इ. स. ४४६ मध्ये एका ताओ गुरूच्या प्रभावाखालील सम्राटाने विहार मोडले, आणि ८४५ मध्ये चार हजार सहाशे विहार बंद होऊन अडीच लाखांवर भिक्खू-भिक्खुणींना संसारात परत धाडण्यात आले. दुनहुआंग यातून वाचले, कारण त्या वेळी तिथे तिबेटी अंमल होता.

आता आपल्या ओळखीचा माणूस. ह्युएन त्संग शाळेत सगळ्यांनी वाचला आहे. इ. स. ६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला, चालुक्य पुलकेशीचे राज्य पाहिले, आणि इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे लिहून गेला. (दिल्लीत इतकी वर्षे काढूनही दुसरा गुण आपण नीट सांभाळला आहे!) तो ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी परतला. दोन वर्षांनी सम्राटाने त्याला उलटे काम दिले. कामरूपाच्या म्हणजे आसामच्या राजाने लाओत्सेचा ग्रंथ मागितला आहे, तो संस्कृतात करा. मदतीला ताओ पंडित दिले. पहिल्याच शब्दाला ठिणगी पडली. ‘ताओ’ला संस्कृत काय? पंडित म्हणाले, ‘बोधी’ लिहा. पूर्वापार तेच चालत आले आहे. ह्युएन त्संगाने नकार दिला. बोधी म्हणजे जाग येणे, ताओ म्हणजे वाट. म्हणून ‘मार्ग’ लिहायचे. वाद चांगलाच रंगला, पण तो हटला नाही.

मला या प्रसंगात ह्युएन त्संग फार आवडतो. त्याने लाओत्सेला हिणवले नाही, ग्रंथ भाषांतरित करायला बसला. फक्त शेजाऱ्याचा शब्द शेजाऱ्याच्या घरी ठेवला. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही, ही चुटपुट लागून राहते.

आणि पुन्हा दुनहुआंग. १९०० साली ती लेणी ओस पडली होती आणि त्यांची देखभाल करत होता वांग युआनलू नावाचा माणूस. आधी सैनिक, नंतर ताओ पुजारी. बुद्धाच्या लेण्यांतली वाळू उपसायची, गावोगाव फिरून वर्गणी जमवायची (वर्गणीचे दुःख आपल्या कार्यकर्त्यांना सांगायला नको) आणि पडझड दुरुस्त करायची, हेच त्याने आयुष्याचे काम मानले होते. वाळू काढताना एक भिंत तडकली आणि मागे अकराव्या शतकात बंद केलेली खोली सापडली, हस्तलिखितांनी खच्चून भरलेली. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन तिथे पोचला. पुजारी काही केल्या दाद देईना. मग स्टाइनला कळले की या ताओ पुजाऱ्याचे दैवत आहे ह्युएन त्संग! त्याने त्याच्या यात्रेची चित्रे भिंतीवर रंगवून घेतली होती. स्टाइनने सांगितले, मीही त्याच्याच वाटेने हिंदुस्थानातून आलो आहे. पहिली गुंडाळी बाहेर आली ती नेमकी ह्युएन त्संगाच्या भाषांतराची निघाली. झाले, पुजाऱ्याला तो कौल वाटला. चोवीस पेट्या हस्तलिखिते आणि पाच पेट्या चित्रे-वस्त्रे सुमारे एकशे तीस पौंडांत गेली. मोबदला चांदीच्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या लगडींत. आपल्या गलाईवाल्या बांधवांनी ते वजन डोळ्यांनीच सांगितले असते. इ. स. ८६८ चे छापील वज्रच्छेदिका सूत्र त्यातच होते. पुढच्या वर्षी फ्रेंच पंडित पेलियो आला, आणि त्याने नेलेल्या कागदांत लाओत्से बुद्ध झाल्याच्या त्या बंदी घातलेल्या ग्रंथाचे तुकडेही निघाले. बौद्धांच्या कोठारात!

पुजाऱ्याने पैसे लेण्यांवरच खर्च केले. चीनमध्ये त्याला आजही दोष देतात आणि तो खोटा नाही. पण खरेदी करणाऱ्यांपेक्षा त्यालाच जास्त शिव्या बसाव्यात, हे मला पटत नाही. १९३१ मध्ये तो गेला. शिष्यांनी त्याच्यासाठी लेण्यांसमोर स्तूप बांधला. ताओ पुजाऱ्याला स्तूप.

स्टाइनच्या त्या मोहिमेचा तीन पंचमांश खर्च हिंदुस्थान सरकारचा होता, म्हणून चित्रांचा वाटा दिल्लीला आला. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात रेशमावरचे ते बोधिसत्त्व मी पाहिले तेव्हा बरोबर तेच सहकारी होते. मी त्यांना वांग पुजाऱ्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे तो ताओच राहिला, आणि लेणी सांभाळली.’’

हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचायला दिला होता. त्यांनी एकच दुरुस्ती केली. मी ‘बौद्ध धर्म’ लिहिले होते, तिथे त्यांनी ‘धम्म’ केले.