मामाचा बँजो खोटा नव्हता

लातूरला आमच्या मामाच्या गल्लीत वरात निघाली की पुढे बँजो पार्टी असायचीच. मामा स्वतः बँजो वाजवायचा. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. इंजिनिअरिंगला असताना मी मोबाइलवर 'बँजो' शोधलं, तर भलतंच वाद्य समोर आलं. गोल, चामडं ताणलेलं, लांब दांडीचं, अमेरिकन. मी शहाणपणा करत म्हणालो, "मामा, तुझा बँजो खरा नाही." तो काहीच बोलला नाही.

पण 'खरा' बँजो तरी कुणाचा?

पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत नेलेल्या माणसांनी तो घडवला. वाळलेला भोपळा, त्यावर चामडं, त्याला दांडी. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे वाद्य आजही त्याच घडणीचं आहे. हे वाद्य गुलामांनी आफ्रिकेतून आणलं, असं थॉमस जेफरसनने १७८० च्या दशकात लिहून ठेवलं. तो स्वतः शेकडो गुलामांचा मालक होता. पुढे १८४० च्या दशकात गोरे कलाकार तोंडाला काळं फासून, काळ्या माणसांची टिंगल करत रंगमंचावर बँजो वाजवू लागले. विसाव्या शतकात तर बँजो म्हणजे गोऱ्या खेडुतांचं वाद्य, अशीच समजूत झाली. ज्यांनी तो घडवला, त्यांचं नावच पुसलं गेलं.

मामाच्या वाद्याची वाट वेगळी आहे. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून 'ताइशोगोतो' तयार केलं. तेच भारतात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि आपल्या वरातींत, गणपतीच्या मिरवणुकीत बँजो. म्हणजे वाद्य जपानचं, नाव अमेरिकेचं आणि त्या नावामागचे हात आफ्रिकेचे.

२०१६ मध्ये रवी जाधवांचा 'बँजो' आला. नायक आपल्या लातूरचा रितेश देशमुख. त्यात बँजोवाल्याला शोधत न्यूयॉर्कहून एक तरुणी मुंबईत येते. आमच्या गल्लीत मात्र तोवर वरातीपुढे डीजे आला होता आणि मामाचा बँजो कपाटावर गेला होता.

गेल्या दिवाळीत मी मामाला हा सगळा इतिहास सांगितला. चुकलो होतो, हेही सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तिकडं बी वाजवणाऱ्याला कुणी इचारत नव्हतं म्हण की."

मग त्यानं मला स्टूल आणायला सांगितलं.