एन्क्रिप्टेड इंटरनेट कॉल : रहदारीवरून ओळख

संभाषण न उलगडता, केवळ पॅकेटांचे आकार, त्यांमधले अंतर, दिशा आणि आयपी पत्ते पाहून इंटरनेटवरील कॉल हुडकण्याची पद्धत. एन्क्रिप्शनमुळे शब्द झाकले जातात, बोलण्याची लय झाकली जात नाही. आवाजाचे कोडेक, म्हणजे आवाज डिजिटल रूपात दाबून बसवणारे प्रोग्राम, साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांच्या आवाजाचे एक पॅकेट करतात. म्हणजे सेकंदाला सुमारे 50 लहान पॅकेटे, तीही दोन्ही दिशांनी. व्हिडिओ पाहताना मात्र मोठी पॅकेटे झोताझोताने आणि मुख्यतः एकाच दिशेने येतात. त्यामुळे ‘इथे कॉल चालू आहे’ एवढे बऱ्याच खात्रीने सांगता येते. बदलत्या बिटदराचे कोडेक त्यापुढचीही माहिती देऊन बसतात : स्वरांना जास्त बिट लागतात, ‘स’, ‘फ’ अशा ध्वनींना कमी, आणि एसआरटीपी या कॉल सुरक्षित ठेवणाऱ्या प्रोटोकॉलचे एन्क्रिप्शन ही लांबी जशीच्या तशी ठेवते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 2007 मध्ये एवढ्यावरून 21 भाषांपैकी नेमकी भाषा 66 टक्के वेळा ओळखली. निव्वळ अंदाजाने हे प्रमाण 5 टक्क्यांच्याही आत राहिले असते.

मग आशयही उघडा पडलाच, असा आक्षेप येतो. तो टिकत नाही. 2008 च्या पुढच्या प्रयोगात आधी ठरवलेली वाक्येच शोधायची होती, तरी सरासरी यश निम्म्याच्या आसपास राहिले. स्थिर बिटदर वापरला किंवा पॅकेटांत भर घालून ती सारख्या लांबीची केली की हा मार्ग बराचसा बंद होतो; 2012 च्या आरएफसी 6562 या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात तसा सल्ला आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्याचा दाखला या संदर्भात हमखास दिला जातो, पण तो इथे लागू पडत नाही. सूत्रधारांचे कॉल न्यू जर्सीतील कंपनीच्या इंटरनेट सेवेतून येत होते खरे. पण मुंबईतले टोक साधा मोबाइल होते, आणि पोलिसांनी ऐकले ते तिथे.

कॉल ओळखणे आणि माणूस ओळखणे यांतही अंतर आहे. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या दाट वस्तीत एका वायफायवर शेजारची दोन-तीन घरे चालत असतील, तर पॅकेटांवरून राउटरपर्यंत पोचता येते, बोलणाऱ्यापर्यंत नाही. अशा निष्कर्षाला तपासाची दिशा मानावे. एकट्याने तो पुरावा ठरू नये.

कायदा : माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000, कलम 69 (आशय), कलम 69बी (रहदारीचा डेटा), नियम 2009 चे.