शांतिसेनेमागची कचेरी

फौज आधीं रवाना करावयाची आणि तिच्या खर्चाची तजवीज मागाहून पाहावयाची, अशा रीतीनें कोणतेंहि राज्य फार दिवस चालणार नाहीं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेचा कारभार मात्र जवळजवळ अर्धें शतक याच रीतीनें चालला. निळीं शिरस्त्राणें घातलेल्या सैनिकांचीं छायाचित्रें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. पण त्यांची रसद आणि त्यांचे हुकूम ज्या कचेरींतून सुटतात, तिचा इतिहास फारसा कोणी वाचीत नाहीं.

पहिली सशस्त्र शांतिसेना उभी राहिली ती १९५६ च्या नोव्हेंबरांत, सुवेझच्या प्रकरणांत. कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पिअर्सन यांची ती कल्पना, आणि सरचिटणीस दाग हमरशोल्ड यांनीं ती थोड्याच दिवसांत अमलांत आणली. सनदेंत अशा सेनेचा उल्लेखच नसल्यामुळें नियम, रसद, वर्दी, सर्व कांहीं नव्यानेंच ठरवावें लागलें. शिपाई दुरून ओळखूं यावेत म्हणून शिरस्त्राणांस निळा रंग फासला गेला, आणि हा तात्पुरता उपाय पुढें कायमचें चिन्ह होऊन बसला. कारभाराचें बहुतेक सर्व अंग असेंच, तात्पुरत्या उपायांतून वाढलेलें आहे.

त्याची किंमत काँगोंत द्यावी लागली. १९६० च्या जुलैंत तेथें सेना उतरली आणि तिची संख्या जवळजवळ २०,००० वर गेली. हमरशोल्ड यांचे लष्करी सल्लागार इंदरजीत रिखी हे भारतीय सेनाधिकारी होते. सल्ला मिळे, पण पैसा मिळेना. रशिया आणि फ्रान्स यांनीं या मोहिमेची वर्गणी देण्याचें साफ नाकारलें. १९६१ अखेर २० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्याचें ठरलें. २० जुलै १९६२ रोजीं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानें नऊ विरुद्ध पांच मतांनीं अभिप्राय दिला कीं, हा खर्च संघाचाच आहे. तरीहि थकबाकीदारांनीं दाद दिली नाहीं. सनदेच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणें दोन वर्षांची वर्गणी थकविणाऱ्याचा मताधिकार जातो. म्हणून १९६४ च्या अधिवेशनांत मतदानाचा प्रसंगच टाळण्यांत आला. ठराव करणें हेंच जिचें काम, तिनें मत घेण्यास भ्यावें हें हास्यास्पद वाटेल. पण मत घेतलें असतें तर संस्थाच दुभंगली असती.

पुढें शीतयुद्ध ओसरलें आणि मोहिमांचा पूर आला. शांतिरक्षणाचें स्वतंत्र खातें १९९२ सालीं बुत्रोस बुत्रोस-घाली यांनीं काढलें. त्याच वर्षीं सारायेव्होंत असलेले कॅनडाचे सेनापति लुईस मॅकेंझी यांनीं तक्रार केली होती कीं, सेनाधिकाऱ्यानें न्यूयॉर्कच्या घड्याळांत सायंकाळचे पांच वाजून गेल्यावर अडचणींत सांपडूं नये. कारण मग टेलिफोन उचलावयास कोणी नसतें. अहोरात्र चालणारा परिस्थितिकक्ष १९९३ मध्यें उघडला.

परंतु टेलिफोन उचलला गेला म्हणजे मदत येतेच असें नाहीं. रवांडांत रोमिओ डॅलेअर यांच्या हाताखालीं २,५४८ सैनिकांची मंजुरी होती. ११ जानेवारी १९९४ रोजीं त्यांनीं शस्त्रांच्या गुप्त सांठ्यांची आणि योजलेल्या कत्तलीची बातमी न्यूयॉर्कला कळविली. सांठे जप्त करूं नयेत असें उत्तर आलें. ७ एप्रिलला दहा बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमनें आपली तुकडी काढून घेतली, आणि २१ एप्रिलला सुरक्षा समितीनें सेना वाढविण्याऐवजीं ती २७० वर आणण्याचा ठराव केला. सुमारें शंभर दिवसांत आठ लाख माणसें कापलीं गेलीं. १७ मे रोजीं ५,५०० सैनिक मंजूर झाले खरे. पण २५ जुलैला प्रत्यक्षांत हजर होते ५५०. तोंवर कत्तल संपलेली होती. त्या वेळीं शांतिरक्षण खात्याचे प्रमुख कोफी अन्नान होते. पुढें सरचिटणीस झाल्यावर त्यांनींच या प्रकरणाची स्वतंत्र चौकशी करविली, आणि १९९९ च्या डिसेंबरांत तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांच्या स्वतःच्या खात्यावरहि दोष होता.

याच सुमारास कचेरींत एक निराळेंच दुखणें होतें. पुष्कळ लष्करी अधिकारी सभासद राष्ट्रांनीं विनामूल्य उसने दिलेले असत. फुकट माणसें श्रीमंत राष्ट्रेंच पाठवूं शकत, आणि खुर्च्याहि त्यांच्याच होत. गरीब राष्ट्रांचा आक्षेप रास्त होता. १९९७ सालीं आमसभेनें ही प्रथा बंद करण्याचें ठरविलें. मात्र गेलेल्यांच्या जागीं पुरेशीं पगारी माणसें नेमलीं गेलीं नाहींत. परिणाम अल्जीरियाचे माजी परराष्ट्रमंत्री लखदर ब्राहिमी यांच्या समितीनें ऑगस्ट २००० मध्यें आंकड्यांनीं दाखविला : रणभूमीवरील २७,००० सैनिकांसाठीं मुख्य कचेरींत ३२ लष्करी अधिकारी होते, आणि हजारों पोलिसांसाठीं नऊ. मुख्य कचेरीवरील खर्च मोहिमांच्या खर्चाच्या पन्नासाव्या हिश्शाइतका भरे.

ब्राहिमी यांनीं साध्या मोहिमेला तीस व गुंतागुंतीच्या मोहिमेला नव्वद दिवसांची मुदत घातली. त्यांची सर्वांत धीट सूचना अशी कीं, सैनिकांचें पक्कें आश्वासन मिळेपर्यंत सुरक्षा समितीनें ठराव कच्चाच ठेवावा. तिचा अंमल झाला नाहीं. जागा मात्र वाढल्या, आणि इटलींतील ब्रिंदिसी येथें वाहनें, तंबू व यंत्रसामग्रीचे तयार सांठे ठेवण्यास २००२ सालीं मंजुरी मिळाली. २००७ मध्यें रसदीचें खातें वेगळें झालें, २०१९ मध्यें पुन्हां फेररचना झाली. सामान सज्ज ठेवतां येतें. माणसें दुसऱ्यांचीं असतात. भारत, बांगलादेश, नेपाळ यांच्या पलटणींसाठीं संघ त्यांच्या सरकारांना दर शिपायामागें दरमहा भरपाई देतो. २०१८ मध्यें तिचा दर १,४२८ डॉलर ठरला, आणि मोठ्या राष्ट्रांची वर्गणी थकली कीं ही भरपाई रेंगाळते. म्हणजे धनको गरीब आणि ऋणको श्रीमंत. ज्या रवांडासाठीं १९९४ सालीं साडेपांच हजार सैनिक जमले नाहींत, तो देश आतां सैनिक पाठविणाऱ्यांच्या पहिल्या रांगेंत आहे, आणि त्यालाहि आपल्या बिलाची वाट पाहावी लागते.