धुराचे बळ

गेल्या भाऊबीजेला बहीण माहेरी आली, ती भाच्याच्या जुन्या मोटारीतून. फराळाचे ताट पुढे येण्याआधीच भाच्याने विषय काढला. “मामा, हिला मोठा टर्बो बसवतो. शंभराचे अडीचशे घोडे होतील! कादंबरीचे मानधन आले असेल, तेवढे उसने द्या.”

बहीण काही बोलली नाही. पण तिची नजर मला कळली. आमच्या न्हावा शेव्याला २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले, तेव्हापासून इथल्या रस्त्यांवर ट्रेलरांची रीघ असते. हा मुलगा रोज त्याच वाटेने कामाला जातो. मी इतिहासाचा मास्तर. इंजिनातले मला काय कळणार? पण कोणतीही गोष्ट निघाली की ‘ही आधी कोणी केली, आणि त्याचे पुढे काय झाले?’ असे विचारायची खोड आहे. “तुळशीच्या लग्नापर्यंत थांब,” असे सांगून मी पुस्तके काढून बसलो.

वाचकहो, इंजिनातला धूर गरम असतो आणि जोराने बाहेर पडतो. हे बळ फुकट जाते, हे आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराला खटकले. त्या धुराने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबावी, अशी युक्ती काढून त्याने १९०५ साली पेटंट घेतले. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. १९२६ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांवर ही युक्ती बसली आणि १७५० अश्वशक्तीची इंजिने २५०० देऊ लागली. आज आमच्या धक्क्याला लागणारी मोठी जहाजे याच युक्तीवर चालतात. म्हणजे टर्बो रस्त्यावर आला तो समुद्रातून!

रस्त्यावर मात्र त्याने ठेचा खाल्ल्या. १९५२ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बो लावलेली डिझेल मोटार पहिल्या जागेवरून सुटली. पण २०० फेऱ्यांपैकी ७१ व्या फेरीला तिला थांबावे लागले. टर्बोचे हवा घेणारे तोंड खाली होते. रस्त्यावरचा रबराचा चुरा त्यात जाऊन बसला. इंजिन धडधाकट, आणि घात झाला तो श्वास कोंडून!

पुढे १९६२ साली ओल्डस्मोबिल जेटफायर आली. साडेतीन लिटरांचे इंजिन, २१५ अश्वशक्ती. दाब मोठा, त्यामुळे पेट्रोल अवेळी भडकून पिस्टनवर घाव बसण्याचा धोका. त्यावर उपाय म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांची वेगळी टाकी दिली होती. ती भरायला मालक विसरत. दोन वर्षांत ही गाडी बंद झाली. १९७८ साली विक्रीला आलेल्या साब ९९ टर्बोने मात्र संसारी शहाणपण दाखवले. टर्बो लहान, इंजिनातला मूळचा दाब कमी केलेला, आणि धूर जास्त झाला तर तो बाजूने काढून देणारी झडप. शक्ती १४५ च. पण रोज वापरावी अशी.

हे सारे मी बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितले. तो हसला. “गुरुजी, टर्बो शेवटी घ्यायचा. आधी किती घोडे हवेत ते ठरवायचे. मग तेवढा मार सोसणारे घडीव पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड, चांगले हेड गॅस्केट. मग पुरेसे पेट्रोल देणारा पंप आणि इंजेक्टर, हवा थंड करणारा इंटरकूलर. तेल तर स्वच्छच हवे. टर्बो मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगतो. दामटलेली गाडी झटकन बंद करायची नाही. आणि क्लच, ब्रेक? घोडे वाढवले, तर लगाम नको का?”

शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. तेव्हा परिवहन कार्यालयाची पायरी सर्वांत आधी.

तुळशीच्या लग्नाला भाचा आला. मी हा सारा इतिहास त्याला सांगितला आणि एक कोरा कागद पुढे ठेवला. बराच वेळ तो लिहीत, खोडत बसला. अडीचशेचा आकडा दीडशेवर आला. यादीत पहिले नाव परवानगीचे, दुसरे ब्रेकचे. टर्बो अगदी तळाशी. बहिणीने तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून आपल्या पाकिटात ठेवला.

मी ब्रेकपुरते पैसे दिले. बाकीचे मानधन, परवानगी आली की मागायला ये, म्हणून सांगितले आहे.