उड्डाणाची आज्ञा कोणी द्यावी?

पत्र हातीं पडलें कीं तें कोणत्या वाटेनें आलें, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. परंतु पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेंत जें टपाल विमानानें जाऊं लागलें, त्याच्या प्रत्येक थैलीबरोबर एका वैमानिकाचा जीव टांगणीस लागलेला असे.

वॉशिंग्टन ते न्यूयॉर्क हा हवाई टपालाचा मार्ग १५ मे १९१८ रोजीं सुरू झाला. अध्यक्ष विल्सन स्वतः समारंभास हजर होते. इंजिन कांहीं केल्या चालू होईना. पाहतात तों टांकींत पेट्रोलच नाहीं! तें भरून लेफ्टनंट बॉइल आकाशांत चढले खरे, पण उत्तरेस फिलाडेल्फियाकडे जावयाचें सोडून ते दक्षिणेस भरकटले, आणि मेरिलँडमधील एका शेतांत उतरतांना विमान उलटलें. सुदैवानें बॉइल बचावले.

ऑगस्टपासून लष्कराऐवजीं टपाल खात्यानें स्वतःचे वैमानिक नेमून हें काम चालविलें. त्यांची बैठक उघडी असे. जमिनीशीं बोलण्याचें साधन नव्हतें. खालीं दिसणारे रेल्वेचे रूळ आणि नद्या हाच त्यांचा नकाशा. म्हणून धुकें पडलें म्हणजे वाटच बुडे. उलट हवाई टपालाचे सूत्रधार ऑटो प्रेगर यांचा आग्रह असा, कीं आगगाडीप्रमाणें विमानानेंहि नेमल्या वेळीं निघालेंच पाहिजे. जुलै १९१९ मध्यें न्यूयॉर्कजवळील बेलमाँट पार्क येथें दाट धुक्यांत उडण्यास लिऑन स्मिथ व हॅमिल्टन ली यांनीं नकार दिला. दोघांनाहि बडतर्फ करण्यांत आलें. तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं काम थांबविलें. थोड्याच दिवसांत तडजोड झाली. हवा उड्डाणास योग्य कीं अयोग्य, हें यापुढें दूरच्या कचेरीऐवजीं त्या त्या तळावरील अधिकाऱ्यानें ठरवावें, असें ठरलें. ली पुन्हां कामावर आले; स्मिथ यांना मात्र परत घेतलें नाहीं.

धुकें डोळ्यांना दिसतें तरी. यंत्रांतील दोष दिसत नाहीं. १९२० मध्यें खात्यानें जर्मन बनावटीचीं, संपूर्ण धातूचीं जे. एल. ६ जातीचीं विमानें घेतलीं. जुन्या लाकूड-कापडाच्या विमानांपुढें तीं अद्भुत वाटलीं. परंतु इंजिनाच्या हादऱ्यांनीं पेट्रोलच्या नळ्या गळूं लागत व विमान पेट घेई. १ सप्टेंबर १९२० रोजीं न्यू जर्सींत असेंच एक विमान पेटून, खात्याच्या पहिल्या वैमानिकांपैकीं एक असलेले मॅक्स मिलर आपल्या यांत्रिकासह मृत्यु पावले. पंधरवड्यांतच ओहायोंत आणखी दोघे गेले. नळ्यांची दुरुस्ती करून विमानें पुन्हां उडविण्यांत आलीं. फेब्रुवारी १९२१ मध्यें विस्कॉन्सिनमधील ला क्रॉस येथें तिघांचा बळी गेला, तेव्हां कोठें तीं कायमचीं बाजूस पडलीं.

पुढें मार्गावर दीपस्तंभ उभे राहिले आणि १ जुलै १९२४ पासून टपाल रात्रींहि नियमित जाऊं लागलें. वैमानिकांच्या ठिकाणीं धैर्य पहिल्या दिवसापासून होतेंच. उणीव होती ती त्यांचें म्हणणें वेळेवर ऐकून घेण्याची. हा धडा शिकण्यास जें मोल पडलें, तें पत्रावरील तिकिटांत कधींच धरलेलें नव्हतें.