गोडसेभटजींची कावड

वरसईचे विष्णुभट गोडसे हे १८५७ च्या धामधुमींत सांपडले ते बंड पाहण्यास निघाले म्हणून नव्हे, तर घरचें ऋण फेडण्यास निघाले म्हणून, ही गोष्ट त्यांचें पुस्तक वाचतांना वाचक बहुधा विसरतो. आम्हीही पुष्कळ वर्षें विसरलों होतों. ‘माझा प्रवास’ प्रथम हातीं घेतला तेव्हां आमच्या डोक्यांत के व मॅलेसन यांचे जाड ग्रंथ भरलेले होते. आणि आम्हांस हवें होतें तें एवढेंच कीं, झांशीचा तट कोणत्या दिवशीं ढांसळला, राणीसाहेब शहर सोडून केव्हां निघाल्या, आणि भटजींच्या तिथि इंग्रज ग्रंथकारांच्या तारखांशीं जुळतात कीं नाहीं. जेथें जुळल्या तेथें आम्हीं समासांत खूण केली, जेथें जुळल्या नाहींत तेथें प्रश्नचिन्ह काढलें. मधलीं पानें, म्हणजे स्नान, स्वयंपाक, उतरण्याच्या जागा, दक्षिणा आणि पाणी यांनीं भरलेलीं, आम्हीं भराभर उलटलीं. त्या उलटलेल्या पानांविषयींच आज लिहावयाचें आहे.

वरसई हें जुन्या कुलाबा, म्हणजे हल्लींच्या रायगड जिल्ह्यांत, पेणच्या बाजूचें लहानसें गांव. घरीं विद्या होती, परंतु पैसा नव्हता. डोक्यावर कर्ज होतें. अशांत बातमी आली कीं, बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार असून विद्वान् ब्राह्मणांस मोठी दक्षिणा मिळणार आहे. विष्णुभटांचें मन उडालें. पण वडील परवानगी देईनात. उत्तरेकडील लोक भांग पितात आणि तिकडील बायका मायावी असतात, ही म्हाताऱ्याची भीति चिरंजीवांनीं कांहींएक संकोच न धरतां नमूद करून ठेवली आहे! शेवटीं चुलते रामभट बरोबर निघाले, तेव्हां कोठें प्रस्थान झालें. महूच्या छावणीजवळ येतात न येतात तोंच शिपायांच्या तोंडून कळलें कीं, आतां मोठा दंगा उठणार. शहाण्या मनुष्यानें तेथूनच परत फिरावें. परंतु रिकाम्या हातांनीं घरीं जावयाचें कसें? चुलते-पुतणे पुढेंच गेले. यज्ञ बाजूस राहिला, आणि उज्जैन, ग्वाल्हेर असें करीत हे दोघे भिक्षुक झांशीस, म्हणजे अगदीं वणव्याच्या पोटांत, जाऊन पोंचले.

हा वृत्तांत त्यांनीं लिहिला तो तेव्हांचा तेव्हां नव्हे. भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांनीं, भटजींनीं लेखणी हातीं घेतली. त्यांच्या हयातींत तो छापला गेला नाहीं. वैद्यांनीं भाषेवर हात फिरवून १९०७ सालीं तो प्रसिद्ध केला, आणि मूळ हस्तलिखितास धरून दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं तो पुन्हा काढला. पंचवीस वर्षांचें हें अंतर आम्हांस महत्त्वाचें वाटतें. इतक्या काळानंतर मनुष्याच्या स्मरणांत जें उरतें तें त्याचें स्वतःचें असतें. राजकारणाच्या ज्या ऐकीव गोष्टी भटजींनीं दिल्या आहेत, उदाहरणार्थ इंग्रजांनीं कलकत्त्यास राजेरजवाड्यांपुढें धर्मबुडवीं कलमें मांडल्याची हकीकत, त्यांवर इतिहासकारांनीं विश्वास ठेवला नाहीं, आणि तें योग्यच झालें. ती बाजारगप्प होती. परंतु कोणत्या घरीं उतरलों, कोणीं जेवावयास घातलें, कोठें पाणी मिळालें, ही बाजारगप्प नव्हे. या ठिकाणीं भटजींची साक्ष आम्हांस फार मोलाची वाटते.

झांशीचा वेढा १८५८ च्या मार्च महिन्यांत सुरू झाला. त्याच्या थोडेंच आधीं किल्ल्यांत चैत्राचें हळदीकुंकू झालें तें भटजी मोठ्या आवडीनें सांगतात. शत्रु चालून येत आहे आणि सुवासिनी नटूनथटून किल्ल्यावर चालल्या आहेत, हें चित्र कोणत्याही लष्करी इतिहासांत नाहीं. पुढें तोफा सुरू झाल्या. किल्ल्यांतील पाण्याच्या जागेवर गोळे पडूं लागले, पाणी भरणारीं माणसें मेलीं, आणि कांहीं वेळ पाणीच मिळेनासें झालें. मग आंतील गोलंदाजांनीं त्या तोफा बंद पाडल्या, तेव्हां लोकांचीं स्नानें व जेवणें झालीं. एरवीं ज्या स्नानाचा उल्लेख करणेंही आपणांस हास्यास्पद वाटेल, तें येथें लढाईच्या वृत्तांतांत मोर्चाच्या बरोबरीनें येऊन बसलें आहे. आमच्या घरीं नळाला एक दिवस पाणी आलें नाहीं तर केवढा आकांत होतो! आणि दुसरे दिवशीं आलें म्हणजे, काल आलें नव्हतें हें कोणाच्या ध्यानींही राहत नाहीं. भटजींच्या ध्यानीं तें पंचवीस वर्षें राहिलें.

एक उणीवही सांगितली पाहिजे. जें पाणी आलें त्याची आठवण भटजींस आहे. तें भरतांना जे मेले त्यांच्यापाशीं ते फार वेळ थांबत नाहींत. दात्याचें नांव ते कधीं विसरत नाहींत. पखालीचें ओझें वाहणाऱ्याचें नांव त्यांना सांगावेंसें वाटलें नाहीं. त्यांच्या कृतज्ञतेला त्यांच्या जातीचें व काळाचें कुंपण होतें. आमच्या कृतज्ञतेला कशाचें कुंपण आहे, हें दुसऱ्या कोणीं तरी पुढें पाहावें.

एप्रिलच्या आरंभीं शहर पडलें. कत्तलीचे दिवस लपून काढावे लागले, मग लूट. आधीं सोनेंरुपें, मग तांब्यापितळेचीं भांडीं, मग कापडचोपड, धान्य, अशी ती उतरत उतरत घरांच्या तळापर्यंत गेली. राजवाड्यांतील पोथ्यांचा मोठा संग्रह नष्ट झाला, याचें दुःख भटजींनीं स्वतःच्या द्रव्यनाशाइतक्याच कळवळ्यानें सांगितलें आहे, आणि येथें पुस्तकें बाळगणारा कोणताही वाचक त्यांच्याशीं एकरूप होतो. जमविलेली दक्षिणाही गेली. ज्या पैशासाठीं घर सोडलें तो पैसा राहिला नाहीं, जीव तेवढा राहिला.

यानंतर काल्पीच्या वाटेवर तो प्रसिद्ध प्रसंग घडतो. पहांटेस विहिरीपाशीं पुरुषवेषांतील, धुळीनें भरलेली एक घोडेस्वार व्यक्ति तहानेली होऊन येते. त्या राणी लक्ष्मीबाई. भटजी पाणी शेंदून देऊं लागतात, तर त्या त्यांस थांबवितात. विद्वान् ब्राह्मणाकडून असें काम घेणें त्यांस रुचत नाहीं. स्वतः पाणी काढून, मातीच्या भांड्यांतून ओंजळीनें त्या पितात. हा प्रसंग राणीसाहेबांच्या नम्रतेचा व दैवदुर्विलासाचा दाखला म्हणून वारंवार सांगितला जातो. आम्हांस मात्र तो वाचतांना त्याच पुस्तकांतील एक मागचें पान आठवतें. झांशीच्या सुखाच्या दिवसांत बाईसाहेबांस स्नानाची भारी हौस होती. ऊन पाण्याचीं घंगाळांमागून घंगाळें लागत, त्यांत सुगंधी द्रव्यें असत. हें भटजींनीं कौतुकानें लिहून ठेवलें आहे. दोन्हीं पानें एकाच हातचीं. घंगाळें सांगणारा लेखकच मातीचें भांडें सांगतो, आणि मधें एक शब्दही उपदेशाचा घालीत नाहीं.

त्यानंतर चित्रकूट, ब्रह्मावर्त, अयोध्या, काशी असा त्यांचा फेरा झाला. वाटेंत पुन्हा लुबाडणूक झाली, दुखणींही झालीं. इतकें होऊनही हा मनुष्य नव्या गांवीं पोंचला कीं तेथील देऊळ, घाट, बाजार आणि पक्वान्नें पाहण्यास ताजा तवाना उभा! आधीं आम्हांस हा त्यांचा पोरकटपणा वाटे. हल्लीं आमचें मत बदललें आहे. ज्याचें सर्वस्व दोनदां गेलें, त्याला तिसऱ्या गांवची मिठाई चांगली लागते, हें सोपें काम नव्हे. आमच्यासारख्यांस एक गाडी चुकली तर तो दिवस कडू होतो.

परततांना त्यांनीं गंगेच्या पाण्याची कावड घेतली. कावडीचा दंडक कडक असतो. ती वाटेंत भुईस टेंकवावयाची नाहीं, म्हणजे जेवणापूर्वीं व झोंपेपूर्वीं तिला टांगण्यास जागा शोधावी लागते. विंध्य, सातपुडा, सह्याद्रि ओलांडून शेंकडों कोस तें ओझें या ऋणको भिक्षुकानें खांद्यावरून वरसईस आणलें, आणि आईबापांस गंगेचें स्नान घातलें. त्या पानापाशीं आलों कीं कर्जाचें पुढें काय झालें हें विचारण्याचें आम्हांस सुचत नाहीं. आमच्या जुन्या प्रतींत त्या पानाच्या समासांत खूणही नाहीं आणि प्रश्नचिन्हही नाहीं; तारीख जुळवून पाहण्यासारखें तेथें कांहीं नव्हतें.